दुसऱ्याच्या भरवशावर बहरलेलं कुळ

सिंगापूर किंवा क्वालालंपूरमधल्या जुन्या झाडांवर एक ऑर्किड वर्षातले बहुतेक दिवस कुणाच्याही नजरेत न भरता राहतं. डेंड्रोबियम क्रुमेनाटम हे त्याचं शास्त्रीय नाव. तिथले लोक त्याला कबुतराचं ऑर्किड म्हणतात. त्याच्या कळ्या अर्धवट वाढून थांबलेल्या असतात. एखाद्या दुपारी जोराची सर कोसळते, हवा एकदम गार पडते, तापमान पाचेक अंशांनी उतरतं आणि थांबलेल्या कळ्या पुन्हा वाढीला लागतात. साधारण नऊ दिवसांनी, एकाच सकाळी, त्या परिसरातली या जातीची सगळी झाडं पांढऱ्या फुलांनी भरून जातात. रस्ताभर सुगंध पसरतो. दिवस मावळेपर्यंत फुलं कोमेजायला लागलेली असतात.

एका दिवसाच्या फुलासाठी एवढा नेम कशाला? फूल एकच दिवस टिकणार असेल आणि त्याचे पराग दुसऱ्या झाडाच्या फुलावर जायला हवे असतील, तर शेजारपाजारची झाडंही त्याच दिवशी फुलली पाहिजेत. झाडांना एकमेकांशी बोलता येत नाही. पण पाऊस सगळ्यांवर एकाच वेळी पडतो, गारवा सगळ्यांना एकाच वेळी लागतो. या ऑर्किडनं पावसाला निरोप्या केलं आहे आणि पुढचं काम मधमाश्यांवर सोपवलं आहे.

उष्ण कटिबंधातल्या ऑर्किडांविषयी बोलताना त्यांच्या रूपाचं कौतुक होतंच, आणि ते व्हायलाही हवं. पण हे कुळ इतकं वाढलं, इतक्या तऱ्हांनी फुटलं, ते रूपामुळे नव्हे. त्याचं जगणं पहिल्या दिवसापासून दुसऱ्याच्या भरवशावर आहे: बसायला झाडाची फांदी, रुजायला बुरशी, वंश चालवायला एखादी माशी, भुंगा किंवा पतंग. यातला एक जरी आधार गेला तरी बाकीचं सगळं असून नसल्यासारखं होतं. हे परावलंबन त्यांच्या वैविध्याचं मूळ आहे आणि त्यांच्या संकटाचंही.

आधी पसारा किती मोठा आहे ते पाहू. जगात ऑर्किडच्या सुमारे २८,००० जाती आहेत. पृथ्वीवरच्या सगळ्या पक्ष्यांच्या आणि सस्तन प्राण्यांच्या जाती एकत्र मोजल्या तरी हा आकडा गाठला जात नाही. अंटार्क्टिका सोडून प्रत्येक खंडावर ऑर्किडं आहेत, पण त्यांची खरी दाटी उष्ण प्रदेशात. कोलंबिया आणि इक्वाडोर या अँडीज पर्वताच्या देशांत प्रत्येकी चार हजारांच्या घरात जाती सापडतात. न्यू गिनीचं बेटही असंच समृद्ध आहे. भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेनं २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या यादीत भारतातल्या १,२५६ जाती आहेत आणि त्यांतल्या ३८८ जगात दुसरीकडे कुठेही नाहीत. आकारातही असाच पल्ला. आग्नेय आशियातलं ग्रॅमॅटोफायलम स्पेसिओसम झाडाच्या बेचक्यात वाढत वाढत टनाच्या घरात वजन गाठू शकतं. मध्य अमेरिकेतल्या प्लॅटिस्टेलेच्या एका जातीचं फूल दोन-अडीच मिलिमीटरचं असतं, भिंगाशिवाय त्याच्या पाकळ्या मोजता येत नाहीत.

या जातींपैकी दोनतृतीयांशाहून अधिक जमिनीत वाढतच नाहीत. त्या झाडांवर राहतात.

गावाकडे अशी झाडं दिसली की लोक त्यांना सर्रास बांडगूळ म्हणून मोकळे होतात. बांडगूळ झाडाच्या आत मुळं घुसवून त्याचा रस ओढतं. ऑर्किड झाडाकडून फक्त जागा घेतं. आंब्याच्या फांदीवर बसलेल्या ऑर्किडची मुळं सालीला घट्ट चिकटलेली असतात, पण सालीच्या आत शिरलेली नसतात. हा गैरसमज दूर होणं फार गरजेचं आहे, कारण बागेची 'साफसफाई' करताना दरवर्षी कितीतरी निरुपद्रवी ऑर्किडं खरवडून फेकली जातात.

फांदीवर जागा मिळते, उजेड मिळतो, पण माती नाही आणि पाण्याचा साठाही नाही. घनदाट पर्जन्यवनातसुद्धा पाऊस थांबल्यावर तासाभरात फांदीची साल कोरडी पडते. म्हणजे उंच फांदीवर राहणारं ऑर्किड भर पावसाच्या प्रदेशात राहूनही वाळवंटातल्या वनस्पतीसारखं तहानेशी झगडत असतं. त्याची मुळं हातात घेऊन पाहिली तर या झगड्याची कल्पना येते. कोरड्या मुळावर चंदेरी-पांढरा, थोडा जाड थर असतो. हा थर मृत, पोकळ पेशींचा. त्याला व्हेलामेन म्हणतात. मुळावर पाण्याचे चार थेंब टाका: काही सेकंदांत पांढरा रंग जातो आणि आतला हिरवा दिसू लागतो, कारण पोकळ पेशी पाण्यानं भरून पारदर्शक झालेल्या असतात. ओढून घेतलेलं हे पाणी मग सावकाश आत झिरपतं. या घाईला कारण आहे. सरीचं पहिलं पाणी पानांवरची, फांद्यांवरची धूळ, पक्ष्यांची विष्ठा, कुजलेला पालापाचोळा धुऊन खाली येतं. क्षार त्याच पाण्यात सर्वांत जास्त. नंतरचा पाऊस जवळपास निव्वळ पाणी. माती नसलेल्या झाडाला खत मिळण्याची संधी त्या पहिल्या काही मिनिटांतच असते.

मिळालेलं पाणी राखण्याच्या युक्त्या जातीजातीनुसार वेगळ्या. काहींचं खोड फुगून पाण्याची गाठ होतं. जाड पानांची अनेक ऑर्किडं दिवसा पानांची रंध्रं मिटून घेतात आणि रात्री गारव्यात उघडतात. रात्री घेतलेला कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवायचा आणि दिवसा उन्हात त्यापासून अन्न तयार करायचं, असा हा उलटा दिनक्रम. काहींनी तर पानांचा खर्चच काढून टाकला आहे. टीनिओफायलमसारख्या ऑर्किडांत पानं नावापुरतीही उरत नाहीत. सालीवर हिरवट मुळांचं कोळ्यासारखं जाळं पसरलेलं असतं आणि ती मुळंच अन्न तयार करतात. फूल येईपर्यंत ही वनस्पती आहे हेही पटकन ध्यानात येत नाही.

सह्याद्रीत या प्रश्नाला आणखी एक वळण मिळतं. इथे चार महिने धो धो पाऊस आणि पुढचे सात-आठ महिने जवळपास काहीच नाही. म्हणून इथल्या आमरींनी, म्हणजे ऑर्किडांनी, वर्षाची वाटणी केली आहे. डेंड्रोबियम बार्बाट्युलम पावसाळ्यानंतर पानं गाळून टाकतं आणि निष्पर्ण कांड्यांवर पांढऱ्या फुलांचे घोस मिरवतं. पाणी उडवणारी पानं नाहीत, तरी फुलोरा आहे. कोकणातल्या आंब्या-फणसांवर, ऐन-किंजळांवर मे-जूनच्या सुमारास जांभळट-गुलाबी फुलांचे लोंबते तुरे दिसतात. सीतेची वेणी, द्रौपदीची वेणी अशा नावांनी लोक ते ओळखतात. त्यांतलं ऱ्हिन्कोस्टायलिस रेटुसा हे ऑर्किड आसामात कोपौ फुल म्हणून बिहूच्या नाचात मुलींच्या केसांत माळलेलं असतं. आणि कासच्या सड्यावर, जिथे कातळावर जेमतेम वितभर माती, तिथल्या हॅबेनारिया जमिनीखाली कंदाच्या रूपात उन्हाळा काढतात. पहिल्या पावसानंतर पान वर येतं, मग फूल, मग बी, आणि पाऊस सरता सरता सगळं पुन्हा जमिनीखाली. यांतल्या बऱ्याच जातींची फुलं पांढरी असतात, संध्याकाळी त्यांना वास सुटतो आणि फुलामागे मधाची लांब नळी असते. ही रचना रात्री उडणाऱ्या पतंगांसाठी आहे.

फांदीचा आधार असा नुसत्या डोळ्यांना दिसतो. दुसरा आधार दिसत नाही, म्हणून तो समजायला माणसाला फार वेळ लागला.

ऑर्किडचं बोंड पिकून तडकलं की त्यातून पिवळसर धूर उडाल्यासारखं काहीतरी बाहेर पडतं. ते बी. एका बोंडात हजारो, काही जातींत दहा लाखांहून जास्त बिया असतात. इतकं हलकं बी वाऱ्यावर कुठल्या कुठे जातं आणि उंच फांदीच्या भेगेत अडकतं. झाडांवर राहणाऱ्या कुळाला हे सोयीचंच. पण हलकेपणासाठी आईनं शिदोरी काढून घेतली आहे. भाताच्या दाण्यात कोंबासाठी अन्न भरलेलं असतं, हरभऱ्यात असतं; ऑर्किडच्या बीमध्ये जवळपास नसतं. ते स्वतःच्या बळावर रुजू शकत नाही. योग्य बुरशीचे तंतू त्यात शिरले तरच त्या तंतूंमधून साखर मिळते आणि कोंब वाढू लागतो. लाखो बियांपैकी हा योग मोजक्यांच्याच वाट्याला येतो.

नोएल बेर्नार हा तरुण फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ १८९९ साली फॉन्तेनब्लोच्या जंगलात नेओटिया नावाच्या ऑर्किडचे रुजलेले कोंब तपासत होता. प्रत्येक कोंबात त्याला बुरशी दिसली. बुरशी म्हणजे रोग अशी तेव्हाची समजूत होती. बुरशीशिवाय कोंबच नाही, हे त्यानं ओळखलं. बेर्नार समशीतोष्ण युरोपातल्या ऑर्किडवर काम करत होता, पण त्याच्या शोधानं उष्ण प्रदेशातल्या ऑर्किडांचं कोडं सुटलं. १९२२ साली अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातल्या लुईस नडसन यांनी पुढचं पाऊल टाकलं: निर्जंतुक काचेच्या नळीत, साखर घातलेल्या अगारवर, बुरशीशिवायच बिया रुजवून दाखवल्या. बुरशी जे देत होती ते नळीत देता आलं.

हे आधी कळलं असतं तर एकोणिसाव्या शतकातला एक विनाश कदाचित काही प्रमाणात टळला असता. इंग्लंडमधल्या धनिकांना तेव्हा उष्ण प्रदेशातल्या ऑर्किडांचं वेड लागलं होतं. काचघरं बांधली जात होती, लिलावांत एकेका झाडाला चढे भाव मिळत होते, पण बी पेरून रोपं काही येत नव्हती. मग पुरवठ्याचा मार्ग एकच उरला: जंगल. अल्बर्ट मिलिकन या ऑर्किड-शिकाऱ्यानं १८९१ साली छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनात कोलंबियातल्या एका मोहिमेचा हिशेब दिला आहे. ओडोंटोग्लॉसम क्रिस्पमची सुमारे दहा हजार झाडं मिळवण्यासाठी त्याच्या माणसांनी चार हजार वृक्ष तोडले. वर चढण्यापेक्षा झाड आडवं करणं सोपं होतं. गोळा केलेली कितीतरी ऑर्किडं महिनोन्‌महिन्यांच्या बोटीच्या प्रवासात कुजून जात, उरलेल्यांतली बरीच अतिउष्ण काचघरांत मरत. ज्या वृक्षांनी त्यांना शंभर-शंभर वर्षं आधार दिला होता ते तिकडे अँडीजमध्ये पडलेले.

आज समारंभात पाहुण्यांच्या हाती दिल्या जाणाऱ्या पुष्पगुच्छात जांभळी-पांढरी डेंड्रोबियम सहज दिसतात. ती थायलंडच्या बागांतून किंवा आपल्याकडच्या पॉलिहाऊसमधून आलेली असतात आणि प्रयोगशाळेतल्या ऊतीसंवर्धनातून वाढलेली असतात. नडसनच्या नळीचा हा विस्तार. त्यामुळे बाजारासाठी जंगल ओरबाडण्याची गरज बरीच कमी झाली, हे या तंत्राचं मोठं उपकारक काम. मात्र दुर्मीळ जातींचा चोरटा व्यापार त्यानं थांबवला नाही. पॅफिओपेडिलम व्हिएतनामेन्स ही जात १९९९ साली विज्ञानाला माहीत झाली आणि पुढच्या काही वर्षांतच संग्राहकांसाठी ओरबाडून ती निसर्गातून जवळपास नाहीशी केली गेली. नवी जात सापडल्याची वार्ताच तिच्या मुळावर आली.

तिसरा आधार कीटकांचा. याच्याइतकी श्रीमंत गोष्ट वनस्पतींच्या जगात दुसरी नसेल.

ऑर्किडचे पराग सुटे उडत नाहीत. ते एका गोळीत बांधलेले असतात आणि त्या गोळीला चिकट टाचणीसारखं बूड असतं. गोळी कीटकाच्या अंगावर चिकटली तर सगळे पराग एकदम गेले. चुकीच्या फुलावर पडली तर सगळे एकदम वाया. एका भेटीत बोंडभर बियांचं काम होतं, पण ती भेट नेमकी हवी. म्हणून ही गोळी कीटकाच्या अंगावर कुठे चिकटावी, याची काळजी फुलाच्या घडणीतच घेतलेली असते: कुणी डोळ्यावर चिकटवतं, कुणी पाठीवर, कुणी सोंडेवर. एकाच जंगलात, एकाच मधमाशीवर, वेगवेगळ्या जाती आपापल्या जागा धरून असतात आणि पराग मिसळत नाहीत.

मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं कोरिअँथेस हे ऑर्किड या बाबतीत जवळून पाहण्यासारखं आहे. त्याचं फूल दांडीला उलटं टांगलेलं असतं. ऑर्किडच्या तीन पाकळ्यांपैकी एक वेगळी घडते, तिला ओठ म्हणतात. कोरिअँथेसमध्ये या ओठाची चक्क बादली झालेली असते. वरच्या दोन ग्रंथींमधून पाण्यासारखा द्रव थेंब थेंब गळून बादलीत साठतो. बादलीच्या वरच्या बाजूला एक मेणचट भाग आहे, तिथून तीव्र सुगंध येतो. त्या सुगंधाला झळाळत्या हिरव्या-निळ्या रंगाच्या युग्लॉसा भुंग्यांचे नर भुलतात. ते मधासाठी येत नाहीत. पुढच्या पायांनी ते सुगंधी द्रव्य खरवडतात आणि मागच्या पायांतल्या पोकळीत साठवतात. मादीसमोर मिरवायला त्यांना तो अत्तराचा साठा लागतो. गर्दी होते, ढकलाढकली होते, एखाद्याचा पाय मेणावरून घसरतो आणि तो खाली बादलीत पडतो. पंख भिजल्यामुळे उडता येत नाही, भिंती गुळगुळीत असल्यामुळे चढता येत नाही. एकाच बाजूला पायरीसारखा उंचवटा आणि त्यापुढे बाहेर पडायचा अरुंद बोगदा. भुंगा त्यात शिरतो, अडकतो, बराच वेळ धडपडतो, आणि त्या धडपडीत परागांची गोळी त्याच्या पाठीवर पक्की बसते. तो सुटतो, पंख वाळवतो, उडून जातो. पुढे दुसऱ्या फुलात पुन्हा असाच पडला, की त्या बोगद्यातला आकडा त्याच्या पाठीवरची गोळी काढून घेतो. त्रिनिदादच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख हर्मन क्र्यूगर यांनी १८६० च्या दशकात हा सारा प्रकार पाहून डार्विनला कळवला होता.

कोरिअँथेसची हकिकत इथे संपत नाही. हे ऑर्किड फांदीवर वाटेल तिथे रुजत नाही, ते झाडावरच्या मुंग्यांच्या वारुळात वाढतं. मुंग्या त्याला खत पुरवतात, पानं कुरतडणाऱ्यांना पळवून लावतात. ऑर्किडची मुळं त्यांचं घर घट्ट धरून ठेवतात. म्हणजे या एका फुलासाठी उंच झाड हवं, त्यावर विशिष्ट मुंग्या हव्यात, बुरशी हवी आणि विशिष्ट अत्तराच्या शोधात भटकणारा भुंगाही हवा. यांतलं काय वजा करता येईल?

सगळीच ऑर्किडं इतका मोबदला देत नाहीत. अंदाजे एकतृतीयांश जाती कीटकाला काहीही देत नाहीत, नुसतं फसवतात. बल्बोफायलमच्या अनेक जातींना कुजक्या मांसाचा वास असतो आणि माश्या त्यावर भुलतात. इक्वाडोरमधल्या ड्रॅकुला ऑर्किडांचा ओठ हुबेहूब अळंबीसारखा दिसतो आणि तसाच वासही सोडतो, अळंबीवर जमणाऱ्या बारीक माश्यांसाठी. चीनच्या हैनान बेटावरच्या डेंड्रोबियम सायनेन्सची युक्ती सर्वांत धाडसी: मधमाश्या धोक्याच्या वेळी जे रसायन सोडतात तेच या फुलातून सुटतं आणि मधमाश्यांची शिकार करणारी गांधीलमाशी सावज समजून फुलावर झडप घालते. २००९ साली हे संशोधन प्रसिद्ध झालं. पुढच्याच वर्षी रेयुनियन बेटावर एका ऑर्किडचं परागण चक्क रातकिड्याच्या जातीचा कीटक करतो असं दिसून आलं. त्या बेटावर ऑर्किडच्या पूर्वजांचे पतंग पोहोचले नव्हते, तेव्हा जो हाताशी होता त्याच्याशी जमवून घेतलं गेलं.

फूल पाहून कीटक ओळखता येतो का? ही परीक्षा प्रत्यक्षात झाली आहे. जानेवारी १८६२ मध्ये जेम्स बेटमन यांनी डार्विनला मादागास्करच्या ऑर्किडांची पेटी पाठवली. त्यात अँग्रीकम सेस्क्विपेडालेचं मेणासारखं पांढरं, तारेच्या आकाराचं फूल होतं आणि त्याच्या मागे जवळजवळ फूटभर लांबीची हिरवी नळी. मध फक्त तिच्या तळाशी. डार्विननं नळीत बारीक काड्या घालून परागांची गोळी कशी सुटते ते तपासलं आणि त्याच वर्षीच्या आपल्या पुस्तकात लिहिलं की मादागास्करमध्ये तेवढ्या लांब सोंडेचा पतंग असलाच पाहिजे. काहींना ते हास्यास्पद वाटलं. १८६७ साली आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी त्याची बाजू घेतली आणि खगोलशास्त्रज्ञांनी नेपच्यून ग्रह शोधला त्याच खात्रीनं निसर्गअभ्यासकांनी हा पतंग शोधावा असं सुचवलं. १९०३ साली रॉथ्सचाइल्ड आणि जॉर्डन यांनी त्या पतंगाचं वर्णन प्रसिद्ध केलं. डार्विनला जाऊन तेव्हा २१ वर्षं झाली होती. तो पतंग त्या फुलावर मध पितानाचा पुरावा मिळायला १९९२ साल उजाडलं. एका नात्याचं भाकीत खरं ठरायला १३० वर्षं लागली, पण नातं तिथे होतंच.

ही साखळी तुटली तर काय होतं, हे पाहण्यासाठी प्रयोगशाळेत जायला नको. स्वयंपाकघरातल्या व्हॅनिलाच्या बाटलीची हकिकत पुरे आहे.

व्हॅनिला हे ऑर्किड आहे, वेलीच्या रूपात वाढणारं, मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं. स्पॅनिश दर्यावर्दींच्या काळापासून युरोपला त्याच्या शेंगांची चटक लागली. वेल जहाजांतून कुठे कुठे नेली गेली, हिंदी महासागरातल्या रेयुनियन बेटावरही एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती पोहोचली. वेल जोमानं वाढली, फुललीही. शेंग मात्र धरेना. वेल आली होती, पण तिच्या मधमाश्या मेक्सिकोतच राहिल्या होत्या. १८३६ साली बेल्जियमच्या लिएजमध्ये शार्ल मोरेन यांनी काचघरात हातानं परागण करून शेंग मिळवली होती, पण ती पद्धत मळ्यात काही रुजली नाही.

रेयुनियनच्या सेंत-सुझान भागात फेरेओल बेलिए-बोमाँ यांच्या मळ्यात एडमंड नावाचा मुलगा होता. गुलामगिरीत जन्मलेला, आई त्याच्या जन्माच्या वेळीच गेलेली. मालकाच्या मागे बागेत फिरता फिरता तो झाडं ओळखायला शिकला, भोपळ्याच्या कुळातल्या एका वेलीच्या फुलांचं परागण हातानं कसं करतात तेही त्यानं पाहिलं. १८४१ साली एके दिवशी मालकाला आपल्या जुन्या व्हॅनिलावर शेंगा दिसल्या. एडमंड म्हणाला, मी केलं. तो तेव्हा १२ वर्षांचा होता.

त्यानं काय केलं होतं? व्हॅनिलाच्या फुलात पराग आणि ते जिथे पडायला हवेत ती जागा एकमेकांपासून जेमतेम काही मिलिमीटरवर असतात, पण मध्ये एक पातळ पडदा असतो. फूल स्वतःचं परागण स्वतः करू नये म्हणून असलेली ही आडकाठी. एडमंडनं एका हातात बारीक काडी घेतली, फुलाचा ओठ फाडून बाजूला केला, काडीनं तो पडदा उचलला आणि अंगठ्यानं परागांची गोळी अलगद खाली दाबली. काही सेकंदांचं काम. त्याला इतर मळ्यांवर ही रीत शिकवायला नेण्यात आलं. मादागास्कर आज व्हॅनिलाच्या उत्पादनात जगात आघाडीवर आहे आणि तिथे, इंडोनेशियात, भारतात, जिथे जिथे व्हॅनिला पिकते तिथे आजही प्रत्येक फूल याच रीतीनं हाताळलं जातं. फूल सकाळी उमलतं आणि त्याच दिवशी मिटतं, म्हणून फुलांच्या दिवसांत मजुरांना पहाटे उठून वेलीवेलीपाशी जावं लागतं.

१८४८ साली रेयुनियनमध्ये गुलामगिरी संपली. एडमंडला स्वातंत्र्य मिळालं आणि अल्बियस हे आडनाव मिळालं. त्याच्या शोधावर श्रीमंत झालेल्या उद्योगातला वाटा मिळाला नाही. पुढे चोरीच्या आरोपाखाली त्याला तुरुंगवासाची शिक्षा झाली, त्याच्या जुन्या मालकानं त्याच्या शोधाची आठवण देऊन रदबदली केली तेव्हा ती कमी झाली. जाँ मिशेल क्लोद रिशार या नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञानं हे तंत्र आपणच शिकवल्याचा दावा केला होता. बेलिए-बोमाँ यांनी तो लेखी खोडून काढला. १८८० साली अल्बियस गरिबीतच वारला. एका मधमाशीची जागा घेतलेल्या मुलाचं नाव व्हॅनिलाच्या इतिहासात सर्वांत आधी यायला हवं.

केरळ-कर्नाटकात आणि कोकण-गोव्यातल्या नारळी-पोफळीच्या बागांत आंतरपीक म्हणून व्हॅनिला लावली गेली ती याच हाताच्या भरवशावर. २००० साली मादागास्करला चक्रीवादळाचा तडाखा बसला, भाव गगनाला भिडले, अनेकांनी वेली लावल्या. दोन-चार वर्षांत भाव कोसळले आणि बरेच शेतकरी पोळले. बाजाराच्या जोखमीइतकीच दुसरीही एक जोखीम आहे. जगभरची लागवड छाटकलमांतून झालेली, म्हणून वेली एकमेकींच्या फार जवळच्या नात्यातल्या. मूळकुजीची बुरशी आली की मळाच्या मळा बसतो. माणसाच्या हातानं शेंग मिळते, पण परक्या वेलीचे पराग आणून नवं वाण घडवण्याचं मधमाशीचं काम त्यात होत नाही.

सह्याद्रीतल्या आमरींसाठी अशी काडी घेऊन कुणी येणार नाही. त्यांना कायद्याचं संरक्षण थोडंफार आहे. आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स करारानं बंधनं घातली आहेत आणि ती सगळ्या ऑर्किडांना लागू आहेत. पण रस्ता रुंद करताना शंभर वर्षांचा आंबा पडतो तेव्हा त्याच्यावरच्या आमरींची नोंद कोणत्याही पंचनाम्यात होत नाही. भरपाई म्हणून लावलेल्या रोपाची साल गुळगुळीत असते. तिच्यावर शेवाळ धरायला, भेगा पडायला, बुरशी वस्तीला यायला आणि मग एखादं बी अडकून त्याला फूल येण्यापर्यंत कित्येक दशकं लागतात. देवरायांमध्ये जुने वृक्ष टिकले आहेत आणि म्हणून त्यांच्यावरच्या आमरीही. देवराईतलं एखादं वठलेलं झाड 'निकामी' म्हणून काढण्याआधी त्याच्या फांद्या नीट पाहून घेतल्या पाहिजेत.

तोड टळणारच नसेल किंवा वादळात झाड पडलंच असेल, तर निदान त्यावरची ऑर्किडं वाचवता येतात, आणि हे काम गावातली शाळकरी मुलंही करू शकतात. रोपटं ओरबाडून काढायचं नाही; त्याची मुळं ज्या सालीला धरून आहेत ती साल जमेल तेवढी सोबत सोलून घ्यायची, कारण बुरशीही तिथेच असते. पावसाच्या सुरुवातीला ते जवळच्याच खरखरीत सालीच्या झाडावर, शक्यतो त्याच जातीच्या, सुंभानं किंवा काथ्यानं बांधायचं. आधी जितका उजेड मिळत होता तितकाच मिळेल अशी उंची आणि बाजू निवडायची. प्लॅस्टिकची दोरी नको, मुळांभोवती माती तर मुळीच नको. नवी मुळं साल धरेपर्यंत एक-दोन पावसाळे जातात. काथ्या तोवर आपसूक कुजून गळून पडतो.